आत उघडणारं दार

एक मोठी खोली, एक छोटी. दारं दोन, खिडक्या तीन. पाळणे चार, गाद्या पंधरा, आग विझवायचं लाल नळकांडं एक. मुलं एकोणीस, त्यांतली पाच झोपलेली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चुकत होता तो विसावा. तो जेवणाच्या बुटक्या टेबलाखाली पालथा पडला होता, वय अंदाजे तीस, आणि त्याच्या पाठीवर बसून साईराज घोडा-घोडा खेळत होता.

शिवांजलीनं हातातली दुधाची किटली खाली ठेवली. फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाल्यापासून तिला दोनदा मोजायची खोड होती. तिनं पुन्हा मोजलं. वीसच.

"कोण आहे ते?"

"एक मिनिट हं…" टेबलाखालून आवाज आला. "हा प्लग बरोबर यांच्या डोळ्यांसमोर येतो. उभं राहून दिसत नाही."

"मावशी, यांना आत कुणी घेतलं?"

"मी," लीलामावशी म्हणाल्या. पाळणाघर सुरू झालं तेव्हापासून त्या मदतीला होत्या. "बूट भाईर काढलं की त्यांनी. चोर कवा बूट काढतो व्हय?"

माणूस सरपटत बाहेर आला. केसांत एक चुरमुरा अडकला होता. तो काढायच्या आधी त्यानं खिशातून ओळखपत्र काढलं. शौनक, तपासणी अधिकारी. परवान्याचं नूतनीकरण होतं, आणि तपासणीला न कळवताच यायचं असतं.

शिवांजली निर्धास्त होती. कुपवाडच्या कारखान्यांत सकाळच्या पाळीला जाणाऱ्या बायका आपली मुलं तिच्याकडे सोडून स्कूटी पुढे काढत, त्या उगाच नाही. दूध उकळलेलं, फरशी पुसलेली, कात्री कुलपात.

"या नळकांड्याची पिन काढून दाखवा," तो म्हणाला.

ती पुढे झाली आणि थबकली. खंडेनवमी नुकतीच झाली होती. त्या दिवशी कुपवाडात लेथ मशीनपासून स्क्रूड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मावशींनी नळकांड्याचीही केली होती. गळ्यात झेंडूची माळ, दाबाच्या काट्यावर हळदकुंकवाचा थर, आणि पिनेला लाल दोऱ्याचे वेढेच वेढे, त्यावर पक्की गाठ. शिवांजलीनं नखं लावली. नख तुटलं, गाठ सुटली नाही. कात्री आणायला किल्ली शोधावी लागली.

"द्येवाचा दोरा हाय साहेब," मावशी म्हणाल्या. "त्येचं रक्षण व्हावं म्हनून."

"मावशी, त्याचं आपण नाही करायचं. त्यानं आपलं करायचं."

मागचं दार त्याहून वाईट निघालं. ते आत उघडत होतं, तेही जोर लावून ओढल्यावर. आणि उघडल्यावर समोर भिंत. बिडाच्या सुट्या भागांनी भरलेली लाकडी खोकी, छातीपर्यंत रचलेली. पाळणाघराच्या गाळ्याचे मालक नानासो. त्यांचं वर्कशॉप शेजारीच, खोकी त्यांचीच.

शौनकनं टेप गुंडाळली. "परवाना नाही देता येणार. महिनाअखेरीपर्यंत हे दार मोकळं करा, बाहेर उघडेल असं बसवा. नाहीतर पाळणाघर बंद."

"बंद?" शिवांजली उसळली. "एकोणीस मुलांच्या आयांनी मग घरी बसायचं? तीन वर्षं तीन जण आले. चहा घेतला, सही केली, गेले. तुमी चहासुदिक घेतला न्हाई!"

"चहा घेतला असता तर सही केली असती, असं वाटतं तुम्हाला?"

"घेतला असता तर निदान तोंडावर ओतला असता!"

तो बूट घालता घालता थांबला. "कऱ्हाडकडच्या का तुम्ही? रागावलात की भाषा बदलते."

"उंब्रजची हाय. गावाचीबी तपासनी करायचीय का?"

तो हसला नाही. पण जाताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, हे तिनं पाहिलं आणि तिला अजूनच राग आला.

रागाचं खरं कारण तिला दुपारी मुलं झोपल्यावर कळलं. तो बरोबर होता. मागच्या दारासमोर खोकी आहेत हे तिला माहीत होतं. रोज दिसत होतं. रोज दिसतं म्हणूनच ते दिसेनासं झालं होतं.

ती नानासोंकडे गेली. ते केबिनमध्ये पाय पसरून बसले होते.

"आवं ताई, खोकी कुटं ठेवू मी? डोक्यावर? साहेबाला बघतो की मी. तुमी कशाला तरास करून घेताय!"

शौनक मधे दोनदा येऊन गेला. एकदा परतीच्या पावसात, चिखलाचे पाय पायपुसण्यावर पुन्हा पुन्हा घासत. प्लगला झाकणं बसली का ते पाहिलं. एक सैल होतं, ते स्वतःच घट्ट केलं, आणि तेवढ्यात तीन मुलांनी त्याची टेप ओढून खोलीभर केली.

"आज चहा घेतो," तो म्हणाला. "कोमट असला तर बरं…"

तिनं उकळता आणून दिला. "फुंकून प्या."

तो फुंकत राहिला, कपाच्या काठावरून तिच्याकडे बघत. ती खिडकीबाहेर पाऊस बघत राहिली — म्हणजे तसं दाखवत राहिली. "दार?" त्यानं विचारलं. "बघतेय," ती म्हणाली. तो गेला तेव्हा बाहेर भिजलेल्या मातीचा आणि कारखान्यांतल्या तेलाचा मिळून वास सुटला होता. तिनं त्याचा कप जरा उशिरानेच विसळला.

महिनाअखेरीला नानासो हसत आले. हातात परवाना, शिक्क्यासकट. खोकी जिथल्या तिथं.

"झालं का न्हाई काम? म्या सांगितलं हुतं!"

पहिला श्वास तिनं सुटकेचा घेतला. दुसरा घेतला तोवर डोकं तापलं होतं. म्हणजे तोही तसलाच! टेबलाखाली सरपटणं, टेप, फुंकून प्यायलेला चहा… सगळं नाटक?

ती सांगलीच्या कार्यालयात गेली. साहेबांची साताऱ्याला बदली झाली, असं कळलं. तशीच ती एसटीत बसली. बस कऱ्हाडवरून उंब्रजला थांबली, कंडक्टरनं ओळखून विचारलंही, "ताई, उतरत न्हाई?" ती उतरली नाही.

साताऱ्याच्या कार्यालयात पत्र्याच्या शेडखाली तो स्कूटर लावत होता. पावसाची बुरबुर चालू होती. तिनं परवाना त्याच्या पायाशी फेकला.

"किती स्वस्तात विकले गेलात?"

त्यानं कागद उचलला, रुमालानं टिपला, वाचला. मग तिच्यापुढे धरला. "सही बघितलीत?"

तिनं बघितली. सही दुसऱ्या कुणाची होती.

"मग तुमी गप का बसला?"

"गप बसलो असतो तर सांगलीतच असतो!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दार उघडत नाही असं लिहून दिलं. वरून सांगितलं, उघडतं असं लिहा. नाही म्हटलं. मग बदली. गाव माझं साताराच, म्हणून आई खूश आहे. मी नाही. आणि तुम्ही? परवाना आहे की तुमच्या हातात. चालवा. मला कशाला विचारायला आलात?"

हे तिला लागलं. कारण कागद खराच होता, शिक्क्यासकट. तो भिंतीवर लावला असता तर कुणी काही विचारलं नसतं.

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"सव्वाशे किलोमीटर… नुसतं भांडायला?" त्यानं हळू विचारलं.

"फोनवर नीट भांडता येत न्हाई मला."

"मलाही फोनवर नीट सांगता आलं नसतं."

"काय?"

"दार मोकळं झालं की सांगतो."

"मग बघायला या."

"मला आता तिथे अधिकार नाही, शिवांजली."

त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं होतं. ती ते ऐकलंच नाही अशी वळली. "अधिकार कोन मागतंय? टेप घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिनं परवाना कार्यालयाला परत पाठवला, सोबत चार ओळी: मागचं दार उघडत नाही, फेरतपासणी करावी. मावशींनी कपाळाला हात लावला. आता खरंच बंद पडलं तर? शिवांजलीलाही ती भीती होती. पण राग भीतीपेक्षा मोठा होता.

पाळी सुटली. बाया स्कूट्या लावून मुलं न्यायला आल्या. तिनं सगळ्यांना मागच्या दाराशी नेलं, दार आत ओढून दाखवलं.

"पुढच्या बाजूला आग लागली तर तुमची मुलं इथून बाहेर यायला हवीत. येणार नाहीत. मला माहीत होतं आणि मी गप्प होते. आता नाही."

साईराजच्या आईनं हेल्मेट पायरीवर ठेवलं आणि पहिलं खोकं उचललं. दिवसभर बीडच उचलणाऱ्या बाया त्या. पदर खोचले, एकीनं दुसरीकडे, दुसरीनं तिसरीकडे… आणि शिवांजलीनं सांगितलं, कुठे रचायचं ते. नानासोंच्या केबिनच्या दारात. छातीपर्यंत.

आतून काच वाजली. "आवं ताई! काय चाललंय ह्ये? मी भाईर कसा येऊ?"

"खिडकीतनं या की," शिवांजली ओरडली. "माझी पोरं तशीच येनार हुती!"

बाया हसल्या नाहीत. एकही नाही. नानासोंनी एकेकीचं तोंड बघितलं आणि फोन करून आपले कामगार बोलावले. अंधार पडायच्या आत खोकी गोदामात गेली. दोन दिवसांत सुतारानं चौकट सोडवून दार बाहेर उघडेल असं बसवलं. सुतार नानासोंनीच धाडला होता.

शनिवारी शौनक रजा टाकून आला. दाराची रुंदी मोजली, मान हलवली. "आता रिकामी करून दाखवा खोली." मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं. शिवांजलीनं शिट्टी वाजवली.

आणि मुलं रांगेनं जाऊन चपला घालायला बसली.

उजवी डावीत, डावी उजवीत, बंद लागेना… गल्लीत लोखंडाचा कीस पडलेला असतो, अनवाणी बाहेर पाय टाकायचा नाही, हे तिनंच त्यांना घोकून घोकून शिकवलं होतं. मावशी आधी गॅस बंद करायला गेल्या, मग देवाच्या तसबिरीला हात जोडायला.

दोन मिनिटं बारा सेकंद.

"मूर्ख हाय मी," ती म्हणाली. डोळ्यांत रागाचं पाणी आलं. "दारावर भांडले आनि पायाकडं बघितलंच न्हाई."

"शिकवलेलं किती पक्कं शिकतात ते तर कळलं. आता दुसरं शिकवा." त्यानं रुमाल पुढे केला. तिनं तो हिसकावूनच घेतला.

आठवडाभर तिनं शिकवलं. शिट्टी वाजली की चप्पल नाही, खेळणं नाही. लांब दोरीवरची आपापली गाठ धरायची आणि चालायला लागायचं. गल्लीतला कीस झाडून जुन्या रबरी चटया अंथरल्या. चारही पाळण्यांना चाकं बसवली. फेरतपासणीचं पत्रही आलं: सोमवारी, नवे साहेब.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा उभा होता. मागच्या दाराबाहेर, चटईच्या टोकाला, हातात टेप.

"दार मोकळं झालं," ती म्हणाली. "सांगा आता."

"ओरडाल…"

"ओरडनारच हाय."

"तेच हवंय मला. रोज. साताऱ्यात फार शांत वाटतं…" कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. "लग्न कराल माझ्याशी?"

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे असं टेप हातात धरून विचारतात?"

"दुसरं काही आणायला सांगितलं नव्हतं तुम्ही."

तिला हसू आलं, आणि ते आल्याचाही राग आला. "माझे बाबा सुभेदार होते. उंब्रजला येऊन त्यांच्यापुढे उभं राहावं लागेल."

"कधी?"

"पोरं एका मिनिटात बाहेर आली, तर उद्या."

"आणि नाही आली तर?"

"तर उद्या रविवारीबी पोरांना बोलवून सराव. आधी पोरं, मग तुमी. सोमवारी ह्या दारात मला मान खाली घालायची न्हाई." तिनं हात पुढे केला. "मोबाइल द्या. घड्याळ मी धरनार. तुमच्यावर आता भरवसा न्हाई."

त्यानं निमूटपणे दिला. तिनं शिट्टी वाजवली, अंगठा दाबला.

दार बाहेर उघडलं. मावशी पहिला पाळणा ढकलत आल्या, देवाकडे न बघता. मागोमाग दोरी, गाठीगाठीला एकेक अनवाणी पोर. मधेच एकीला शिंक आली, रांग अडली, पुन्हा हलली. साईराजनं गाठ सोडून शौनकच्या पायाला मिठी मारली, तीही चटईवरच. मावशी परत आत धावल्या, दुसरा पाळणा, तिसरा… चौथ्याचं चाक उंबऱ्याला अडकलं. शौनक पुढे झाला.

"हात लावायचा न्हाई!" शिवांजली ओरडली.

तो होता तिथं थांबला. मावशींनी पाळणा मागे घेतला, तिरका केला, ढकलला. चाक पार झालं.

तिनं अंगठा दाबला आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला.

अठ्ठावन्न पूर्णांक चार सेकंद.