निवळलेलं पेट्रोल

उगमबाईंना जुन्या गावातलं देरासर, म्हणजे जैन मंदिर, बघायचं होतं, आणि ते याच उन्हाळ्यात बघायचं होतं. डिंभे धरणाच्या पाण्याखाली गाव गेल्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. एरवी देरासराचा कळसही दिसत नसे. पण दोन हजार सात सालच्या मे महिन्यात पाणी इतकं उतरलं, की दगडी पायऱ्या वर आल्याची बातमी घोडेगावच्या बाजारात पोचली. इकडे काचबिंदूने उगमबाईंची दृष्टी जात चालली होती. पुढच्या उन्हाळ्यात उजेड-अंधार तेवढा कळेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून त्यांचा मुलगा पारस दुकानाला कुलूप लावून निघाला. पस्तिशीच्या या गृहस्थाला पोहता येत नव्हतं, आणि आईला नाही म्हणणं तर त्याहून जमत नव्हतं.

देरासराभोवती अजून चहूकडे पाणी होतं, तेव्हा जायचं ते होडीनेच. होडी कुंडलिकची. तोही त्याच बुडालेल्या गावचा. जमीन गेली तसा पलीकडच्या वाड्यांवर माणसं पोचवायचं काम करू लागला. होडीच्या मागे लावलेलं छोटं इंजिन तो बैलासारखं जपत असे. पेट्रोल टाकीत ओतताना नेहमी मऊ चामड्याच्या तुकड्यातून गाळायचा. पेट्रोल खाली उतरतं, पाणी चामड्यावर राहतं, हे त्याचं शास्त्र.

पण आज देरासराला जायचं होतं. तिथे चामडं चालत नाही, म्हणून पारसने पट्टा आणि पाकीट घरीच ठेवलं होतं. कुंडलिकने चपला झाडाखाली काढल्या आणि चामड्याचा तुकडाही तिथेच ठेवला.

"आता कशातून गाळू, काकी?" त्याने विचारलं.

उगमबाईंनी पिशवीतून पाणी गाळायचं कोरं गळणं काढलं. "आम्ही पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. तुझ्या इंजिनाने तरी का प्यावं?"

पेट्रोलचा हा जादा कॅन दिवाळीपासून अर्धवट भरून ठेवलेला होता. गळण्याने त्यातला कचरा तेवढा अडवला. बाकी सगळं टाकीत गेलं.

अर्धा तास होडी सुरेख चालली. धरणाचं पाणी आभाळाइतकंच शांत होतं आणि डोंगर त्यात उलटे झोपले होते. पारसला आपण कुठे जातोय याचाही विसर पडला. आणि इंजिन खोकलं. एकदा. दोनदा. बंद!

कुंडलिकने दोरी ओढली. पुन्हा ओढली. नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहिला. मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून हातावर चार थेंब घेतले. बोटाने चोळले आणि वास घेतला.

"पाणीच हाय की राव ह्ये! आताशा पेट्रोलमधी उसाचं स्पिरिट मिसळत्यात. ते हवेतलं पाणी पितं, आन् लई प्यालं की पाण्याला घिऊन तळाला जाऊन बसतं. नळी तळातनंच वढती."

"मग चामडं का नाही आणलं?" पारस चिडला.

"देवाच्या दारात नेऊ व्हय?"

होडी वाऱ्याबरोबर सरकत होती आणि पश्चिमेला डोंगरामागून काळं काहीतरी वर येत होतं.

"बाटलीत घ्या आणि निवळू द्या," उगमबाई म्हणाल्या. "गढूळ पाण्याला दुसरं काय करतात?"

बाटल्या होत्या दोन, आणि दोन्हींत त्यांचं उकळलेलं पाणी. ते धरणाच्या कच्च्या पाण्यात ओतायचं नाही, कारण त्याने कच्च्या पाण्यातले जीव मरतात, असा त्यांचा नेम. मग तिघांनी ते पिऊन संपवलं. कुंडलिक तर ढेकर देत प्याला. बाटल्या गळण्याने आतून पुसल्या, उन्हात धरून कोरड्या केल्या आणि टाकीत उरलेलं पेट्रोल त्यांत भरलं.

"आता हलू नका," उगमबाईंनी बजावलं आणि दोन्ही बाटल्या मांडीत धरून बसल्या.

मग फार वेळ काहीच झालं नाही. होडी आपल्या मनाने वाहत राहिली. उगमबाई समोरच्या डोंगराच्या सोंडेकडे बघत हळू आवाजात बोलू लागल्या. "आता आपण बाजारपेठेवर आलो. ही सखूबाईची भाजीची जागा. पुढे गेणभाऊचा हौद. आणि हे आपलं दुकान. तुझे वडील बघ, गादीवर बसल्या बसल्या पेंगताहेत." पारसने पाण्यात वाकून पाहिलं. खाली हिरवा अंधार होता. तरी त्याला वाटलं, आपण खरंच ओळखीच्या छपरांवरून चाललोय, आणि जोरात बोललो तर खालची माणसं वर बघतील. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

बाटल्यांत हळूहळू रेघ उमटली. वर इंजिनासाठी मिसळलेल्या तेलाची निळसर झाक असलेलं पेट्रोल, खाली दुधट पाणी. कुंडलिकने श्वास रोखून वरचं तेवढं टाकीत ओतलं, नळीतलं जुनं झटकून टाकलं आणि दोरी ओढली. इंजिन कुरकुरत का होईना, चालू झालं!

"सव्वा लिटर असंल," तो म्हणाला. "आन् परतीला वारं समोरनं असंल. आत्ता वळलेलं बरं, काकी."

"देरासर किती लांब आहे?"

"त्या सोंडेच्या पल्याड. फकस्त बघायचं. उतरायचं न्हाई. इंजिन बंद केलं तर परत चालू हुईलच असं न्हाई."

उगमबाईंनी मान हलवली. सोंडेला वळसा घातला आणि देरासर समोर आलं. काळा दगड, शेवाळाने हिरवा झालेला. पाच पायऱ्या कोरड्या होत्या. दहा हातांवर! पारस उठून उभा राहिला. "आई, मी उचलून नेतो तुला. दोन मिनिटं!"

"खाली बस," त्या म्हणाल्या. "कुंडलिक, उजव्या हाताला ठेवून फिरव."

इंजिन चालतं ठेवूनच होडीने देरासराला प्रदक्षिणा घातली. उगमबाई डोळे फाडून बघत होत्या. दरवाजा, खांब, मागची भिंत, पुन्हा दरवाजा. प्रदक्षिणा तीन घालायच्या असतात. एक झाली तेव्हा त्यांनी डोंगरावरचे ढग पाहिले, मग कुंडलिककडे पाहिलं.

"चल माघारी," त्या म्हणाल्या.

"अजून दोन राहिल्या ना, आई!"

"तुमच्या दोघांच्या जिवावर नकोत मला."

सोंड ओलांडली आणि वारा आदळला! लाट आत आली. पारस डब्याने पाणी उपसू लागला. उपसलं की दुसरी लाट! कुंडलिक ओरडत होता, होडीचं नाक वाऱ्यात ठेव, वाऱ्यात ठेव, पण ते तो स्वतःलाच सांगत होता. उगमबाई होडीची कड घट्ट धरून नवकार मंत्र म्हणत होत्या. काठ शंभर हातांवर आला आणि इंजिन थांबलं. पेट्रोलचा थेंब उरला नव्हता. कुंडलिकने बांबू तळाला टेकवला. रेटा! पुन्हा रेटा! होडी चिखलात घुसली आणि पारस गुडघाभर पाण्यात उतरून आईला पाठीवर घेऊन काठावर आला.

आंब्याखाली बसवलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. पारस घाबरला. त्याने त्यांचे हात चोळले, हाका मारल्या. कुंडलिकही धावत आला.

"काकी, बरं वाटंना का?"

उगमबाईंनी डोळे उघडले नाहीत. हात वर करून त्यांनी दोघांना थांबवलं.

"जरा गप्प बसा," त्या म्हणाल्या. "अजून दिसतंय."