मिरचीचा हेवा आणि गायब सेनापती

"खोकं आडवं करू नकोस, माझे घोडेस्वार आहेत त्यात!" मिरची ओरडली, आणि रेडिओनं खोकं घाईघाईनं सरळ धरलं. रेडिओ म्हणजे मिरचीची वर्गमैत्रीण. तिचं तोंड कधी बंद नसे, म्हणून हे नाव.

टेबलावरच्या लढायांचा मेळावा भरला होता. सभागृहभर थर्माकोलच्या टेकड्या, रंगवलेल्या नद्या आणि बोटाएवढ्या शिपायांच्या पलटणी. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं आणि शिपाई पुढे सरकवायचे, असा हा खेळ. सगळ्यात सुंदर रंगवलेल्या सैन्याला मधल्या मोठ्या टेबलावरची लढाई मिळणार होती. त्यासाठी मिरचीनं अख्खी सुट्टी रंगांत बुडवली होती.

शेजारच्या टेबलावर तिच्या मावसभावानं, म्हणजे प्रोफेसरनं, आपला पत्र्याचा डबा उघडला आणि मिरचीच्या पोटात दुखू लागलं. त्याच्या सेनापतीच्या अंगरख्याला चक्क सुरकुत्या होत्या. मिशांचा एकेक केस वेगळा दिसत होता. लोक गोळा झाले, मावशी कौतुकानं सगळ्यांना बोलावून दाखवू लागली. मिरचीकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

काहीतरी चूक सापडावी म्हणून तिनं सेनापतीला उचलून उलटंपालटं करून पाहिलं. चूक नव्हती. तळाला एक जाडजूड लोहचुंबक मात्र होतं. डब्यात शिपाई पडू नयेत म्हणून सगळेच चुंबक लावतात, पण याचं केवढं तरी मोठं. तेही किती नीट चिकटवलेलं! मिरची आणखीच चिडली.

"मोडला तर बरं होईल मेला," ती पुटपुटली. पण शेजारी रेडिओ होती.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल लागला. प्रोफेसर पहिला, मिरची दुसरी. आणि तेवढ्यात कळलं, की सेनापती जागेवर नाही.

एकच गोंधळ उडाला. परीक्षण करणारे पंचकाका शपथेवर सांगू लागले, की सुट्टीत आपण त्याला नीट पाहिलं आणि नीट परत ठेवलं. रेडिओनं कुणी न विचारताच मिरचीचं सकाळचं वाक्य सांगून टाकलं. मिरचीची पिशवी उपसली गेली. त्यात काही सापडलं नाही, तरी मावशीची नजर तिच्यावरून हलेना.

"मी घेतला नाही," मिरची म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. मोडावा असं तिला खरंच वाटलं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

"तुझ्यावर विश्वास आहे गं माझा," रेडिओ म्हणाली. "पण शोधायला हवा. सेनापती नसेल तर त्याचं सैन्य बाद. मग मोठं टेबल तुलाच मिळणार."

हे मिरचीच्या डोक्यात आलंच नव्हतं. आता मात्र ते तिथून जाईना.

शोधत शोधत दोघी पंचकाकांच्या टेबलाशी पोचल्या. तिथे एका उघड्या खोक्यावर त्यांचं स्टीलचं तबक ठेवलं होतं. त्यात फासे होते आणि पडलेल्या शिपायांच्या जागी टोचायच्या टाचण्या. फासे इकडेतिकडे पसरले होते, पण टाचण्या सगळ्या मध्यभागी घोळका करून उभ्या. मिरचीनं एक ओढून बाजूला ठेवली. ती सुर्रकन परत घोळक्यात गेली.

मिरचीला सगळं कळलं. काकांनी तबक पालथं घालून त्यावर सेनापती उभा केला असणार. मग कुणीतरी हाक मारली, त्या गडबडीत सेनापतीला विसरून त्यांनी तसंच तबक उलथलं, त्यात फासे भरले आणि खोक्यावर ठेवून दिलं. त्या जाडजूड चुंबकामुळे सेनापती खाली लटकतोय!

रेडिओ पलीकडे टेबलाखाली वाकून बघत होती. आता गप्प बसलं, की मोठं टेबल आपलं. मिरचीनं एक पाऊल मागे घेतलंसुद्धा. तेवढ्यात पंचकाका आले आणि तबक खसकन ओढायला त्यांनी हात घातला.

खोक्याच्या कडेला घासून त्या मिशा खरवडल्या जातील, एवढंच तिला दिसलं. मेळाव्यात त्या मिशा तिच्याइतक्या बारकाईनं कुणीच पाहिल्या नव्हत्या.

"थांबा काका! सरळ वर उचला!"

तबक वर आलं. खाली डोकं, वर पाय अशा अवस्थेत सेनापती तलवार उगारून लटकत होता. सभागृहात हशा पिकला. पंचकाकांनी कपाळावर हात मारला, मिरचीची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि असले डोळे पंचाला हवेत म्हणून तिची पाठ थोपटली. मावशीनं तिला जवळ घेतलं. रेडिओ ही हकिगत टेबलाटेबलावर जाऊन सांगू लागली.

मोठ्या टेबलावर प्रोफेसरचंच सैन्य चढलं. मिरचीच्या पोटात पुन्हा दुखलं, अगदी पहिल्यासारखं.

मग प्रोफेसर जवळ आला. थोडा घुटमळला.

"तुझ्या घोड्यांचे डोळे," तो खाली बघत म्हणाला. "त्यात चमक आहे. मला जमतच नाही. सकाळपासून मी तुझ्या टेबलाकडे मुद्दाम आलो नाही. बघवत नव्हतं."

आपल्यामुळेही कुणाच्या पोटात दुखतं, हे ऐकून मिरचीचं पोट एकदम बरं झालं. तिनं तबकातली एक टाचणी उचलून त्याच्या हातात ठेवली.

"कुंचल्यानं नाही काढत," ती म्हणाली. "हिच्या टोकानं."