रेवतीचं फूल

बायकोच्या, रेवतीच्या मानेखाली कळी धरली, तेव्हा हेरंब सामंतांना वाटलं, गळू झालं असेल. सावंतवाडीच्या रुग्णालयात डॉ. शलाका पाध्यांनी ती पाहिली आणि खुर्ची ओढून त्या दोघांसमोर बसल्या.

“सुमात्राच्या जंगलात एक महाकाय फूल असतं,” त्या म्हणाल्या. “त्याला ना पान, ना खोड, ना मूळ. सगळा जन्म ते दुसऱ्या वेलीच्या अंगात धाग्यांसारखं पसरून तिच्याच अन्नावर काढतं. त्याचा माणसात जगणारा वाण आम्ही बनवला. रेवतीताईंच्या मेंदूतल्या, स्मृतिभ्रंशानं मेलेल्या पेशींची जागा त्याच्या तंतूंनी घेतली, म्हणून त्या तुम्हाला पुन्हा ओळखू लागल्या.”

“मग ही कळी खुडून टाका.”

“खुडली की तंतू सुकतील. त्या जगतील, पण आठवणी जातील. फुलू दिली, तर शेवटपर्यंत त्यांना सगळं आठवेल. पण फूल त्यांचा जीव ओढून घेईल.”

“फुलू दे, हेरंब,” रेवती म्हणाली. “पुन्हा त्या धुक्यात नको ढकलूस मला.”

हेरंबांनी डॉक्टरांना बाहेर गाठलं. “हे ती बोलतेय, की ते झाड?”

“आता ती दोघं वेगळी काढता येत नाहीत,” शलाकाबाई हळूच म्हणाल्या.

हेरंबांनी बायकोचा शब्द मानला. फूल उमललं, विटकरी, पांढऱ्या ठिपक्यांचं, परातीएवढं. सडक्या मांसाच्या वासानं नातेवाईक दारातूनच परतले. हेरंब माश्या वारत उशाशी बसून राहिले. पाकळ्या काळ्या पडल्या, त्या सकाळी रेवती गेली.

सुकल्या फुलात बी धरलं होतं. डॉक्टरांनी ते मागितलं. “हा वाण ज्याच्यात वाढतो, त्याची जनुकं उचलतो. आठवणीही उचलत असेल का, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.”

दुसऱ्या कुणाचं तरी माणूस परत येईल, म्हणून हेरंबांनी होकार दिला.

पुढच्या उन्हाळ्यात कारवारहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या पत्नीला त्याच बियांतले तंतू दिले होते; नंबर त्यांनी डॉक्टरांकडून मिळवला होता.

“ती बोलायला लागली हो,” ते चाचरत म्हणाले, “पण मला ओळखत नाही. सारखी म्हणते, हेरंबच्या जेवणात मीठ कमी घाला, त्याला सोसत नाही. तुम्ही एकदा येऊन जाल का?”



“तिला सांगा,” हेरंब म्हणाले, “हेरंब वारला. आता तिला तुम्हीच आहात.”

पलीकडे कुजबुज झाली. मग एका परक्या बाईच्या गळ्यातून रेवतीचा हंबरडा फुटला. हेरंब फोन कानाशी धरून आपल्यासाठीचं ते रडणं ऐकत राहिले.