पोकळीमापक

यकृतबीज रुजवायची शेवटची पायरी आली, की डॉ. घैसास सगळ्यांना प्रयोगशाळेबाहेर काढायचे. "जरा बाहेर थांबता?" म्हणायचे, आतून पडदे ओढायचे, आणि झालं! लोणच्याची कृती सांगताना एक जिन्नस हमखास गाळणाऱ्या काकू असतात ना, तसला हा विद्वान माणूस. बीज पोटात सोडलं की सडलेल्या यकृताच्या जागी नवं यकृत वाढायचं. पण एकट्याच्या हातून हंगामाला एकच बीज तयार व्हायचं, आणि दारात रुग्णांची ही रांग.

ते एक बीज कुणाला द्यायचं, हे ठरवायला डॉ. मृणालिनी सबनीस यांनी पोकळीमापक बांधला होता. प्रत्येक रुग्णावाचूनचं जग हे यंत्र मांडून बघायचं. कुणाचं काय अडतं, कुणाचा जीव जातो, सगळं मोजायचं. ज्याच्यामागे पोकळी मोठी, बीज त्याचं. पैसा नाही, वशिला नाही. बाईंना त्याचा केवढा अभिमान!

आणि दैव बघा. रोगट पेशी वर्षानुवर्षं हाताळून शेवटी यकृतक्षयाने गाठलं ते बाईंना आणि घैसासांना, एकाच हंगामात. मापकाने बीज घैसासांना दिलं.

"हा कुठला न्याय?" बाईंची विद्यार्थिनी शेफाली तडकली. "अर्धी संस्था तुम्ही घडवलीत, बाई!"

"म्हणूनच तर. दर गुरुवारी वर्ग घेऊन माझं होतं नव्हतं ते तुम्हाला शिकवलं. मी गेले तरी मापक तू चालवशील. माझी पोकळी तुम्हीच भरून काढलीत. घैसास गेले तर बीजच संपलं. यंत्र चुकलेलं नाही गं."

"मग नियम बदला. तुमचाच आहे."

"आणि बाहेरच्या रांगेला काय सांगू?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना मरायचं नव्हतं. मुळीच नव्हतं. त्या उठल्या आणि तडक प्रयोगशाळेत घैसासांकडे गेल्या.

"शेवटची पायरी शेफालीला शिकवा. दोघं मिळून दोन बीजं कराल. आपण दोघंही जगू."

घैसासांनी नकारार्थी मान हलवली. "तिला पायरी आली, की मापक पुन्हा मोजणार. माझी पोकळी त्याच क्षणी बुजली. मग हातात आहे ते बीज माझं कशावरून?"

"बरं, आधी तुम्ही घ्या. मग शिकवा."

"बीज जन्मभर पुरत नाही, बाई. काही वर्षांनी मला पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचंय. तेव्हा काय घेऊन उभा राहू?"

"इतका स्वार्थ, घैसास? लाज नाही वाटत?"

"वाटते ना." त्यांनी पडद्यांकडे बोट दाखवलं. "पण मापक बसायच्या आधी मी कधी पडदे ओढले होते? आठवा बरं."

बाईंना आठवलं. याच टेबलाभोवती पोरांचा गराडा असायचा आणि घैसास घसा बसेपर्यंत शिकवायचे. पडदे होते, पण ते उन्हापुरते. बाई माघारी वळल्या. कुणाला बोल लावणार? आपणच पेरलेलं होतं.

पुढच्या गुरुवारी भिंतीचा आधार घेत बाई वर्गावर आल्या. मापकाचा निकाल कळल्यापासून जो तो आपापल्या कामात गुंतला होता; बाकं जवळजवळ रिकामी होती. शेफाली मात्र कोपऱ्यातल्या आपल्या प्रयोगाच्या टेबलापाशी होती. रुजलेलं बीज थंडीत टिकवायची नवी युक्ती तिला सापडल्याचं बाईंच्या कानावर आलं होतं.

"शाब्बास गं!" बाईंचा चेहरा उजळला. "दाखव बघू, कसं केलंस?"

शेफालीने मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले होते.

"बाई," ती म्हणाली, "जरा बाहेर थांबता?"

बाई बाहेर आल्या. आतून पडदे ओढल्याचा आवाज आला.