विनीच्या दाराची कडी

केकचा डबा छातीशी धरून मॉड यॉर्क स्टेशनवर उतरली. स्कारबरोत तिची स्वतःची बेकरी होती, आणि विनीकडे रिकाम्या हाताने जाणं तिला कधी जमलंच नसतं. दोघी शाळेपासूनच्या जिवलग. युद्धात एकाच कारखान्यात तोफगोळे भरलेल्या, एकीच्या लग्नात दुसरी करवली झालेली. पण उन्हाळ्यात विनीने आणि तिच्या नवऱ्याने, सिरिलने, शहराच्या जुन्या तटाला लागून असलेलं घर घेतलं, तेव्हापासून विनी स्कारबरोला फिरकली नव्हती.

डिसेंबरची दुपार होती. मिन्स्टरचे, शहरातल्या त्या जुन्या कॅथेड्रलचे, मनोरे धुक्यात बुडाले होते, गल्लीत कोळशाचा धूर साचला होता. तटाला पाठ लावून ते घर जरासं पुढे झुकून उभं होतं. दार विनीनेच उघडलं, आणि मॉडचं हसू ओठांवरच विरलं. विनीचा एक डोळा सुजून मिटला होता. गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला, पण त्याच्यावरून काळंनिळं डोकावत होतंच.

"पडले गं जिन्यावरून," विनी म्हणाली.

"जिन्याला बोटं होती वाटतं? गळ्यावर उमटलीत."

विनीने रुमाल वर ओढला. आत सिरिल शेकोटीत कोळसा घालत होता. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. सगळं आयुष्य मिन्स्टरचे दगड घडवण्यात गेलेलं. त्याने आधी खिडकीबाहेरचा उजेड पाहिला, मग मॉडकडे वळला.

"आलात, बरं झालं. पण बसू नका. हिला घेऊन नदीवर जा, नाहीतर कुठेही जा. अंधार पडताना हिने या खोलीत असू नये. सोमवारी आम्ही हे घर सोडतोच आहोत."

"का? अंधार पडला की काय होतं?" मॉड कडाडली. "तुझा हात सुटतो?"

"मॉड, अगं नको... तसं नाही गं," विनीने तिची बाही धरली.

मॉडच्या डोक्यात तोवर सणक गेली होती. तिने सिरिलची गचांडी धरली. आयुष्यभर कणीक तिंबलेले हात ते. म्हातारा पाचोळ्यासारखा उंबऱ्याबाहेर गेला. तिने दार लावलं आणि वरची लोखंडी कडी सरकवली.

"आता बस निवांत. आज माझ्याबरोबर स्कारबरोला यायचं."

विनी बसली नाही. "काय केलंस हे... तो मध्ये पडतो म्हणून मी जिवंत आहे. त्याचे हात बघितले असतेस तर..."

बाहेरून सिरिल दार बडवू लागला. "कडी काढा! मला तिच्याजवळ येऊ द्या! मॉड, हात जोडतो, कडी काढा!"

खिडकीतला उजेड मावळला. मिन्स्टरची घंटा वाजायला लागली. खोलीत ओल्या मातीचा आणि घामाचा वास भरला. कुणीतरी खूप लांबून धावत आल्यासारखा. शेकोटी दबली, आणि अगदी जवळ कुणीतरी श्वास घेतला.

"आला..." विनी पुटपुटली.

पहिला फटका तिच्या पोटात बसला. ती दुमडली. दुसऱ्याने ती टेबलावर आपटली, केकचा डबा उडाला, कपबश्या फुटल्या. मारणारा दिसत नव्हता. दिसत होतं ते विनीचं डोकं केसांना धरून मागे खेचलं जाणं, आणि तोंडावर बसणारा ठोसा. पुन्हा ठोसा. दात फुटल्याचा आवाज आला. रक्त भिंतीवर उडालं.

मॉडने कडीकडे झेप घेतली. कडी हलेना. दोन्ही हातांनी ती खेचत राहिली, किंचाळत राहिली, आणि मागे विनीचं कण्हणं बारीक होत होत थांबलं.

सिरिलने खिडकी फोडली. काचांवरूनच आत उडी घेऊन तो विनीवर पालथा पडला. पाठीवर धपाधप काहीतरी आदळत होतं तरी तो हलला नाही. शेजारी धावून आले, तेव्हा कडी एका बोटाने सरकली.

विनी वाचली. जबडा मोडला होता, खांदा निखळला होता. इस्पितळात सिरिल तिच्या उशाशी बसून होता. त्याच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या वळांवर नवे वळ होते. मॉडने त्याच्यापुढे मान खाली घातली. "मला माफ करा, सिरिल. मी तुम्हाला..."

"तुम्ही तरी काय करणार," तो म्हणाला.

तरुण डॉक्टरने मॉडलाही तपासायला बसवलं. तिचा उजवा हात सुजला होता, बोटांची पेरं सोलून निघाली होती.

"कडीने लागलं," मॉड म्हणाली. "दोन्ही हात कडीवरच होते माझे. सगळा वेळ."

डॉक्टरने दिवा जवळ ओढला आणि चिमट्याने मधल्या पेरातून काहीतरी हळूच उपसून बशीत टाकलं. टक्क आवाज झाला.

ती दाताची कपची होती.