सात नंबरच्या डब्याची पिवळी खूण

रोपवे तपासणाऱ्या साहेबांनो, तुम्ही खुर्चीतून न उठता सही केलीत. 'सर्व पकडी सरकवल्या' असं कागदावर होतं, तेवढं तुम्हाला पुरलं. तुम्हाला दिसलं नाही ते सुट्टीला आलेल्या तीन पोरांना दिसलं.

ताई, भोपळा आणि चिमणी ही भावंडं आत्याकडे आली होती. आत्या रोपवेची मेकॅनिक. आठवा महिना म्हणून रजेवर होती आणि त्या सकाळी तपासणीसाठी खालच्या दवाखान्यात निघाली होती. ती रांगेत थांबली. पोरं जिन्यावर चढून डब्यांचे टप बघू लागली.

"डबा दोराला पकडीने धरलेला असतो," ताई सांगत होती. "पकड एकाच जागी राहिली की तिच्याखाली दोर झिजतो. म्हणून आत्या दर महिन्याला ती वीतभर पुढे सरकवायची आणि जुन्या जागी पिवळा पट्टा ओढायची."

"मग सगळ्यांना तीन पट्टे आणि सातला दोनच कसे?" चिमणीने विचारलं.

ताईने पुन्हा मोजले. दोनच.

तिघं धावत स्टेशन चालवणाऱ्या साहेबांकडे गेली. साहेब चहात बिस्कीट बुडवत होते.

"नोंद झालीय. जा, खेळा."

बाजूला आत्याच्या जागी आलेला फिटर उभा होता. तो मान खाजवत भिंतीकडे बघू लागला. ताईला तेवढं बस होतं.

बाहेर सात नंबरचा डबा येऊन थांबला होता. रांगेत पहिली होती आत्या.

"दार उघडं असलं की दोर हलत नाही ना?" ताई कुजबुजली. "भोपळ्या, बस."

भोपळा दारातच मांडी घालून बसला.

"ऊठ रे," साहेब ओरडत आले.

"पायाला मुंग्या आल्यात."

"आत्ताच तर बसलास."

"माझ्या लवकर येतात."

रांगेतले लोक कुरकुरले. आत्याने डोळे वटारले. "काय थेरं चाललीत?"

"आत्या, सातला दोनच पट्टे आहेत," चिमणी म्हणाली.

आत्याचा चेहरा बदलला. ती वळली आणि फिटरला शांतपणे म्हणाली, "वर चढ. पकड उघड."

"बोल्ट गंजलाय, मॅडम. म्हणून तेवढी राहिली. साहेबांना सांगितलं होतं."

"तेल घाल. मी थांबते."

अर्ध्या तासाने पकड सुटली. खाली दोराच्या अकरा तारा तुटलेल्या होत्या. टोकं काट्यांसारखी वर आली होती. मघाशी कुरकुरणाऱ्या आजोबांनी भोपळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

आत्या बाकावर बसली आणि पोटावर हात ठेवून तिने लांब श्वास सोडला. मग तिघांना इतकं जवळ ओढलं की चिमणीचा चष्मा वाकडा झाला.

"आता दोन तास जीपने हाडं खिळखिळी करत जायचं," ती हसत म्हणाली. "पण जायचं."

"शाब्बास पोरांनो," साहेब घाम पुसत म्हणाले. "तुमचं कौतुक करावं तेवढं थोडं."

"त्यांचं कौतुक मी करीन," आत्या म्हणाली. "बोल्ट निघत नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

साहेब जीपच्या रस्त्याकडे बघू लागले.

"कळल्यावर किती माणसं यात बसवलीत? जीप यायला वेळ आहे, साहेब. उत्तर द्या."