इरावतीची शेकोटी

शाळेच्या नाटकाची तालीम चालू होती. रंगमंचावर शेकोटी होती. लाकडं होती, तांबडे दिवे होते, वर लाल कापड होतं. तरीही ती पेटलेली वाटत नव्हती.

"हा तर वाळत घातलेला टॉवेल," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

सभागृहात खरी आग लावायला बंदी होती. जरा धूर झाला की छतातून पाणी सुटायचं. म्हणून ही शेकोटी सातवीतल्या इरावतीने बनवली होती. नाटक बसवणाऱ्या गावडे सरांनी वहीतून डोकं वर न काढताच सांगितलं, "राहू दे ते. मागच्या पडद्यावर आगीचं चित्र दाखवू."

"सर, एकदा दुरुस्त करू द्या."

"वेळ नाही."

ती शेकोटी उचलून घरी आली आणि दप्तर भिरकावून दिलं. तेवढ्यात आजोबांचा व्हिडिओ कॉल आला. आजोबा ज्वलनशास्त्रज्ञ (जळण्याच्या क्रियेचा अभ्यास करणारे) होते आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत.

"कोणावर चिडलीस?"

"सगळ्यांवर. माझ्या नाटकातल्या शेकोटीला हसले सगळे. तुमच्यावरही चिडलेय. तुम्ही कधी इथे नसताच."

"खरं आहे. शेकोटी दाखव बघू."

ती पाहून त्यांनी कॅमेरा एका जाड काचेच्या पेटीकडे वळवला. आत बोराएवढा निळा, गोल गोळा तरंगत होता.

"ही ज्योत आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडची टोकदार का असते?"

"कोडी नका घालू. सांगा."

"बरं. तापलेली हवा फुगते, म्हणून हलकी होते. गुरुत्वाकर्षण (पृथ्वीची ओढ) गार, जड हवेला खाली खेचतं आणि ती हलक्या हवेला वर ढकलते. या प्रवाहात ज्योत वर ओढली जाते. इथे सगळंच तरंगतं. हवा वर चढत नाही, म्हणून ज्योत गोल."

"आणि निळी का?"

"तुमच्या ज्योतीत काजळीचे कण तापून पिवळे चमकतात. इथे ते फारसे तयारच होत नाहीत."

इरावतीने आपल्या शेकोटीकडे पाहिलं. जाड कापड खाली लोंबत होतं. "म्हणजे माझ्या आगीत वर जाणारी हवाच नाही," ती म्हणाली.

तिने ते कापड ओरबाडून काढलं. पातळ रेशमाच्या टोकदार पट्ट्या लावल्या, खाली छोटा पंखा बसवला. पट्ट्या एका तालात हलायला लागल्या तेव्हा रागाने दोन फाडल्यासुद्धा. मग पंख्यापुढे पुठ्ठ्याचे तुकडे आडवे लावले. वारा फुटला, प्रत्येक पट्टी वेगळी लवलवू लागली. बुडाशी तिने पिवळे दिवे लावले.

दुसऱ्या दिवशी तिने न विचारता शेकोटी रंगमंचावर ठेवली.

"मी नको म्हटलं होतं ना?" सर म्हणाले.

"आधी बघा, मग नको म्हणा. काल तुम्ही बघितलंच नाहीत."

तिने बटण दाबलं. कोणी हसलं नाही. म्हातारीचं काम करणारी मृद्गंधा शेकोटीजवळ बसली आणि कोणी न सांगताच तिने हात शेकायला पुढे केले.

सरांनी मागच्या पडद्यावरचं आगीचं चित्र बंद करायला लावलं. "काल मी घाई केली," ते म्हणाले.

"हो, केलीत," इरावती म्हणाली. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता.

संध्याकाळी तिनेच आजोबांना कॉल लावला. "मंगळावर ओढ कमी असते ना? मग तिथली ज्योत कशी असेल?"

"तिथे शाळा निघेल तेव्हा नाटकाची शेकोटी तूच कर, म्हणजे कळेल."

इरावतीने क्षणभर विचार केला. "हवा सावकाश वर चढेल," ती म्हणाली. "पंखा हळू फिरवावा लागेल."